कारण : गावी जाणे

गणपतीच्या रजेचे अर्ज शाळेत येतात ऑगस्टमध्ये; गावाची तिकिटं मात्र त्याच्या कितीतरी आधी निघालेली असतात. अगदी अलीकडेपर्यंत रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला होते, म्हणजे कोकणकन्या आणि तुतारीच्या तिकिटांसाठी आमच्या मुलांचे वडील मे महिन्यातच पहाटेपासून खिडकीशी रांगेत उभे होते. शाळा तेव्हा उघडलीही नव्हती. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आले, तेव्हा तिकिटांची धावपळ जूनच्या अखेरीस झाली, नव्या पुस्तकांना कव्हरं घालून होतात न होतात तोच. घटक चाचणीचं वेळापत्रक त्यानंतर लागतं. म्हणून अर्जात ‘रजा मंजूर व्हावी ही विनंती’ असं लिहिलेलं असलं, तरी जाण्याचं कधीच ठरलेलं असतं, आणि ते वाचणाऱ्या मला आणि लिहिणाऱ्या आईलाही ठाऊक असतं.

आमची शाळा मुंबईच्या पूर्व उपनगरात, टेकडीच्या चढावर वाढत गेलेल्या वस्तीत आहे. मराठी माध्यम, आणि प्रत्येक वर्गात निम्म्याहून जास्त मुलं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. गौरी-गणपतीत शाळेला थोडी सुट्टी असतेच, पण तेवढ्यात भागत नाही. चतुर्थीच्या आधी दोन दिवस पोचायला हवं, कारण बंद घर उघडून झाडायचं-सारवायचं असतं, आरास करायची असते. गौरीबरोबर गणपती गेले तरी लगेच निघता येत नाही. परतीच्या गाडीत जागा मिळेल तेव्हाच निघायचं. सुट्टीच्या मागचे-पुढचे दिवस धरले, की मुलं बराच काळ हजेरीपटावर नसतात.

अर्ज मी सगळे नीट वाचते. ताप आल्यामुळे. डोळे आल्यामुळे. पोट बिघडल्यामुळे. कुणाच्या अर्जात गावची आजी अत्यवस्थ असते, आणि तीच आजी ओटीवर बसून नातवंडांची वाट पाहत असते. चाचणी मध्ये येत असली की अर्जाला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं; त्याचे पैसे त्याच बापाने मोजलेले असतात, ज्याने तिकिटासाठी रात्र जागवलेली असते. मुलांना शाळा बुडवून नेल्याने अभ्यासाचं किती नुकसान होतं, याचा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. त्या मुलांच्या हातात खोटी चिठ्ठी दिल्याने काय होतं, याचा हिशेब मांडायला कुणी बसत नाही. मला तो मांडायचा आहे.

सहावीतला एक मुलगा असाच गणपतीहून परतला. आईच्या अक्षरातला अर्ज त्याने माझ्यापुढे धरला : तीव्र ताप, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. अर्ज धरलेल्या हाताची बोटं टोकांशी सुजलेली होती आणि तळव्याच्या कडेची कातडी सोलवटलेली. रात्र रात्र पखवाज वाजवल्याशिवाय हात असे होत नाहीत. एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा हा मुलगा, पण आता त्याची नजर माझ्या टेबलाच्या पायावर होती. मी अर्ज वाचून त्याची घडी घातली आणि विचारलं, “तुमचा तालुका कोणता रे?”

“कुडाळ,” तो पटकन म्हणाला, आणि ओठ मिटून घेतले.

“भजनाला पखवाजावर तूच होतास?”

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. आई बाहेर नव्हती. मग तो बोलायला लागला आणि मधली सुट्टी त्याला पुरली नाही. काकाने यंदा पहिल्यांदाच पखवाज त्याच्याकडे सोपवला होता. भजनी मंडळ वाडीतल्या घरोघरी जातं, शेवटच्या घरी पोचेपर्यंत उजाडायला येतं, उसळ-चहा होतो आणि मगच पाठ टेकायची. ज्या दिवसांनी हा मुलगा वाडीच्या नजरेत मोठा झाला होता, ते दिवस शाळेत तापाचे म्हणून नोंदवले जाणार होते.

दुसऱ्या दिवशी त्याला मी फळ्यापाशी बोलावलं. त्याने आधी लाकडी चौकट काढली. गणपतीच्या डोक्यावर ती आढ्याला टांगतात. त्यांच्याकडे तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. मग त्याने त्या चौकटीला एकेक वस्तू बांधायला घेतली : नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, आंब्याचे टाळ, कळलावी, कवंडाळ. कवंडाळाचा वेल कुठल्या झाडावर चढलेला असतो, फळ पिकून लाल कधी होतं, ते दिसायला देखणं असलं तरी खायचं का नसतं, हे सगळं तो सांगत होता. शेरवडाशी आल्यावर थांबला. म्हणाला, “बाई, ह्याचं पांढरं दिसतं ना, ते फूल नसतं. फूल आत असतं, बारीक, नारिंगी.” विज्ञानाच्या पुस्तकात फुलाचे भाग येतात, त्यातला निदलपुंज दर वर्षी पाठ होतो आणि विसरला जातो. शेरवडाचं ते पांढरं पान म्हणजे वाढलेलं निदलच. त्या तासाला वर्गाने निदलपुंज प्रथमच समजून घेतला, आणि ज्याच्यामुळे घेतला तो मुलगा कागदोपत्री तापाने अंथरुणाला खिळलेला होता.

मुलगा बाहेर काय पाहून, काय शिकून आला, ते वर्गात यायला हवं तर तो कुठे गेला होता हे आधी वर्गाला कळायला हवं. चिठ्ठी तेच बंद करून टाकते. वर्षातले सगळ्यात भरलेले दिवस जगून आलेलं मूल उंबऱ्यावरच ठरवतं, की यातलं काही इथे बोलायचं नाही. पुढे ते सवयीचं होतं. घरचं घरी, शाळेचं शाळेत. मग आम्ही शिक्षक तक्रार करतो की मुलं निबंधात मनाचं काही लिहीत नाहीत.

जाणं टाळता येत नाही का, असं नवे शिक्षक विचारतात. कोकणातलं गणपतीचं गणित त्यांना माहीत नसतं. बहुतेक घरांत भावकीचा गणपती एकच असतो, तो मूळ घरात बसतो, आणि त्याची पाळी भावाभावांत फिरते. ज्याची पाळी त्याने खर्च करायचा आणि राबायचं. ज्या घराला एरवी कुलूप असतं, ते या दिवसांत उघडतं. दार वर्षातून एकदाही उघडलं नाही तर घर राहत नाही. एका वडिलांना मी चाचणीची तारीख दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “गणपतीक गेल्याशिवाय कसा चलतला, बाई?” त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता.

यामागे या शहराचाच इतिहास आहे. या मुलांचे आजे-पणजे गिरणीत होते. तेव्हा बहुतेकांची बायकामुलं गावीच असायची, आणि पुरुष लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून खानावळीत जेवायचे. गणपतीला आणि शिमग्याला बाप गावी जायचा. मुलं तिथेच होती, शाळाही तिथलीच. रजा काढायची ती गिरणीतून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव मोडत गेलं. ज्यांना जमलं ती कुटुंबं इथेच उपनगरांत सरकली, मुलं मुंबईत जन्मली, आजी तेवढी गावी राहिली. सण जागचा हलला नाही, शाळा मात्र चारपाचशे किलोमीटरवर आली. आज ज्याला आपण गैरहजेरी म्हणतो ती या स्थलांतरातून आलेली आहे. कामाला माणसं हवी होती म्हणून शहराने त्यांना बोलावलं. त्यांच्या मुलांना वर्षातून एकदा गावी जाऊ देणं हा मला शहराच्या देण्याचाच भाग वाटतो.

मी स्वतः कोकणातली नाही, माळशिरस तालुक्यातली आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जाते. शाळा नुकतीच सुरू झालेली असायची आणि आमच्या वर्गांत दिंडी उतरायची. बाकं व्हरांड्यात एकावर एक रचलेली, खिडक्यांच्या गजांना ओली धोतरं बांधलेली, कोपऱ्यात वीणा उभी. आम्ही मुलं पाण्याच्या कळशा नेऊन द्यायचो आणि गुरुजी पंगतीत वाढायला असायचे. कुणालाही अर्ज करावा लागला नाही, कारण शाळाच त्या वाटेवर होती. म्हणूनच बहुधा मला मुंबईत येऊन हे अर्ज वाचताना पहिल्यापासून जड गेलं. गावच्या शाळेला जे साहजिक वाटत होतं, त्यासाठी इथे आजार शोधावा लागतो.

मुलांचं काहीच बुडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इतिहासाचा धडा राहिला तर घरी वाचून होतो. कविता मैत्रिणीकडून म्हणून घेता येते. पण भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज ज्या दिवशी सुरू होते, तो दिवस चुकला की चुकला. छेद समान का करायचा हे मी कागदाच्या पट्ट्या घेऊन दाखवते : एका पट्टीचे तीन भाग, दुसरीचे चार, आता एकीचा तुकडा दुसरीच्या तुकड्यात मिळवून दाखवा. मुलं पट्ट्या शेजारी ठेवतात, जुळत नाहीत, वाद घालतात. मग कुणीतरी दोन्हींचे बारा-बारा भाग करतं आणि वर्गात एकदम गलका होतो. त्या दिवशी जे मूल नव्हतं त्याला पुढे फक्त रीत मिळते. ती रीत ते घोकतं, गुणही मिळवतं, आणि नववीत बीजगणिताच्या अपूर्णांकांपाशी येऊन नेमकं त्याच जागी अडतं. मी हे बघितलं आहे, आणि म्हणून मला मुलं कधी नसणार हे आधी कळायला हवं असतं. जूनमध्ये कळलं तर अपूर्णांक मी गणपतीनंतर घेते. गावी जाणं जूनमध्ये सांगता येतं. ताप सांगता येत नाही.

कायद्याची आडकाठी म्हणाल तर ती सांगितली जाते तेवढी नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस काम करायला सांगितलं आहे. हे बंधन शाळेवर आहे. एखादं मूल आठवडाभर गावी गेलं म्हणून ते मोडत नाही. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते, तीही गणपतीने धोक्यात येत नाही. रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्यांची मर्यादा आमच्या शाळांना आहे, आणि त्या कुठे किती टाकायच्या यात थोडी मोकळीक असते. दिवाळीतले दोन दिवस कमी करून ते गणपतीला जोडणाऱ्या शाळा मुंबईत आहेत. जिथे मुलं कुठली आहेत याचा विचार करून वेळापत्रक बसतं, तिथे खोट्या अर्जांची गरजच उरत नाही. चाचणी मात्र बहुतेक ठिकाणी नेमकी सणाच्या तोंडावर किंवा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लागते, आणि तिथून प्रमाणपत्रांचा खेळ सुरू होतो.

सगळेच गावी जात नाहीत, हेही खरं. कुणी मुलांना घेऊन जानेवारीत केरळला जातं, कुणी जुलैत महाबळेश्वरला. स्टाफरूममध्ये अशा पालकांबद्दल फार कडू बोललं जातं. स्वस्तात पॅकेज मिळालं म्हणून शाळा बुडवली, असं. मला त्यात सामील होता येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सुरक्षारक्षक आहेत. मे महिन्यात सगळ्यांनाच रजा हवी असते, तेव्हा कंत्राटी माणसाला ती मिळत नाही. एका मुलाची आई रुग्णालयात आया आहे. तिला रजा मिळते ती पावसाळ्यात, कधीतरी, अचानक सांगून. मुलाच्या सुट्टीत आईबाप कामावर आणि आईबापांच्या रजेत मूल शाळेत, असं वर्षानुवर्षं चालतं. अशा घराने चार दिवस एकत्र समुद्र पाहिला, तर त्या चार दिवसांची किंमत मी पाठाच्या नियोजनात मोजणार नाही. फक्त त्यांनी मला खरं सांगावं.

आमच्याच शाळेची एक विद्यार्थिनी आता इंग्लंडमध्ये राहते. तिच्या मुलीसाठी ती गणपतीची रजा मागू शकत नाही, हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटलं नाही. तिथे २०१३ पासून नियम कडक झाले : अपवादात्मक परिस्थिती असल्याखेरीज मुख्याध्यापकांना सत्राच्या मध्यात रजा मंजूर करता येत नाही. सणाच्या नेमक्या दिवशी धार्मिक कारणाने मूल घरी राहू शकतं, पण भारतात येऊन पाच दिवस राहणं त्यात बसत नाही. मुलांना विनापरवानगी नेलं, सलग नाही तरी काही आठवड्यांत मिळून पाच दिवस बुडाले, की दंड. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०. वाइट बेटावरच्या एका वडिलांनी हा दंड नाकारला. मुलीला सहलीला फ्लोरिडाला नेलं होतं, तिची हजेरी एरवी चांगली होती, असं त्यांचं म्हणणं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ६ एप्रिल २०१७ ला निकाल त्यांच्या विरोधात लागला : शाळेच्या नियमाप्रमाणे हजर राहणं म्हणजेच नियमित हजर राहणं. त्यामागचं कारण मला पटतं. एकाच्या मुलासाठी शिक्षकाला मागे यावं लागलं तर इतरांचा वेळ जातो. पण आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढे सांगितलं ते ऐकून वाईट वाटलं. तिच्या ओळखीच्या एका घरात सहा वर्षांच्या मुलीला विमानात बसल्यावर पढवलं जातं, की शाळेत विचारलं तर पोट दुखत होतं म्हणायचं. दंडाने मुलं शाळेत येत असतील, पण जी येत नाहीत त्यांच्या तोंडी तिथेही तेच वाक्य आहे जे आमच्या टेकडीवर आहे.

एक गैरहजेरी मात्र निराळी, आणि तिची या गैरहजेरीशी गल्लत मला सहन होत नाही. माझ्या माहेरच्या भागात साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांतली मुलं उन्हाळ्यापर्यंत शाळेबाहेर असतात. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर कोपी सांभाळते, तिचा मोठा भाऊ वाढ्याचे भारे बांधतो. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावी आजी-आजोबांकडे राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. ज्या वर्षी ती वेळेवर सुरू होतात त्या वर्षी काही मुलं वाचतात. त्या मुलांना शाळेतून काढतं ते आईबापांचं पोट. हजेरी वाढवण्याची कळकळ असणाऱ्यांनी आधी तिथे जावं. सणाला आजीकडे गेलेल्या मुलाच्या नावापुढे लाल शेरा मारून तो प्रश्न सुटत नाही, आणि दोन्ही मुलांना एकाच रकान्यात बसवणं हा ऊसतोडीतल्या मुलावर दुहेरी अन्याय आहे.

गणपतीत वर्गात उरतात त्या मुलांचाही विचार करायला हवा. त्यांची गावं विदर्भात, मराठवाड्यात, उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये. काहींना गावच नाही. रिकाम्या बाकांकडे बघत बसलेली ही मुलं फार हिरमुसतात. त्या दिवसांत मी नवा धडा काढत नाही. आम्ही वाचतो, नकाशे काढतो, आणि मी त्यांना त्यांच्या गावांबद्दल विचारते. गेलेल्यांना मी गावी करायला अभ्यास देत नाही. ‘कोकणातील सण’ असा प्रकल्प द्या, असं सुचवलं जातं. मी दिला नाही आणि देणार नाही. मुलाने माटवी बांधावी, तिचे फोटो चिकटवत बसू नये. आल्यावर बोलायला तास मोकळा असतो.

यंदा जूनच्या पहिल्या पालकसभेत मी एक वही फिरवली. मुलाचं नाव, कधी जाणार, कधी येणार, कारण. वही परत आली तेव्हा तीन पानं भरली होती आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘गावी जाणे’ एवढंच लिहिलं होतं. काहींनी लिहिताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांत शेवटी बिहारमधल्या सिवानकडची एक आई उठून आली. तिची मुलगी आमच्याकडे मराठीतून शिकते आणि छान शिकते, पण दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ-दहा दिवस तिचा पत्ता नसतो. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, म्हणजे तशी सुट्टीतच. पण त्यानंतर मुंबईकडच्या गाड्या इतक्या भरलेल्या असतात की परतीचं आरक्षण मिळेपर्यंत कुटुंब तिथेच अडकतं. आजवर या मुलीच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा होता. “हमारा भी लिख सकते हैं क्या?” असं त्या आईने विचारलं. मी तिच्या हातात पेन दिलं.

या वहीवरून मी एक टिपण करून मुख्याध्यापकांकडे दिलं आहे : पहिली घटक चाचणी गणपतीच्या पुरेशी आधी संपवावी, अपूर्णांक आणि त्यासारखे पायाचे घटक अनंत चतुर्दशीनंतर घ्यावेत, आणि छठहून उशिरा परतणाऱ्या मुलांची तोंडी परीक्षा वेगळी घ्यावी. पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी होकार दिला आहे. तिसरीवर इतर शिक्षकांशी बोलायचं आहे, आणि त्यासाठी शनिवारी दुपारची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे बसणार आहोत.